माल थांबतो कुठे? नागपूरच्या बाजारवास्तूंचा इतिहास

बाजाराच्या इमारतींचा अभ्यास करताना लक्ष बहुधा दर्शनी भागाकडे जाते आणि कमानी, सज्जे, पाट्या, काचेची दालने यांवरून इमारतीचा काळ ठरवला जातो. परंतु खरेदी-विक्रीच्या वास्तूला आकार देणारा प्रश्न दर्शनी भागात दिसत नाही, तो मागच्या अंधाऱ्या खोलीत असतो: विकला जाण्यापूर्वी माल कुठे थांबतो, किती काळ थांबतो, आणि त्या थांबण्याचा भार विक्रेता, गिऱ्हाईक व वाहून नेणारा यांच्यापैकी कोणावर पडतो. या प्रश्नाची जितकी निरनिराळी उत्तरे नागपूर शहराने सुमारे तीनशे वर्षांत दिली आहेत, तितकी महाराष्ट्रातील फार थोड्या शहरांत एका जागी पाहायला मिळतात. आठवड्यातून एकदा भरणारा उघड्यावरचा बाजार, पेढी आणि गोदाम एकाच छपराखाली असलेली इतवारीतली दुकाने, रेल्वे आणि गिरणी, सीताबर्डीची काचेची दालने, वातानुकूलित मॉल, शहराबाहेरच्या पत्र्याच्या प्रचंड वखारी, आणि अलीकडे मोबाइलवर मागणी नोंदवताच काही मिनिटांत सामान पाठवणारी, गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसलेली दुकाने, ही त्या उत्तरांची मालिका आहे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या एकत्र आणून नागपूर वसवले. त्याच्यानंतर चांद सुलतानाने शहराला तटबंदी दिली आणि जुम्मा तलाव बांधला. हाच तलाव पुढे शुक्रवारी तलाव आणि नंतर गांधीसागर म्हणून ओळखला जाऊ लागला. अठराव्या शतकाच्या मध्यास पहिले रघूजी भोसले यांनी येथे आपली राजधानी केल्यावर सैन्य, कारकून, विणकर, सराफ आणि व्यापारी यांची वस्ती वाढत गेली. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही शहरातील भागांची नावे त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरून पडलेली आहेत. अशा बाजाराला इमारतीची गरज नव्हती. चार बांबूंवर ताणलेले कापडी पाल, चिंचेची किंवा कडुनिंबाची सावली आणि बंड्या सोडायला मोकळी जागा एवढ्यावर काम भागत असे. बंडी म्हणजे विदर्भातील मालवाहू बैलगाडी. गिऱ्हाइकाने वाराची वाट पाहायची आणि विक्रेत्याने उरलेला माल संध्याकाळी परत न्यायचा, असा हा व्यवहार होता, म्हणून बाजाराच्या जागेवर काहीही साठत नव्हते.

मग साठवण होती कुठे, या प्रश्नाचे उत्तर घराच्या रचनेत सापडते. आठवड्याचा बाजार भाजीपाल्यापुरता आणि वाणसामानापुरता असला, तरी धान्य, डाळ, तिखट, गूळ, लोणची यांची वर्षाची बेगमी प्रत्येक खातेपिते घर करीत असे, आणि त्यासाठी घरात कोठीची खोली, मातीने लिंपलेली कणगी किंवा भिंतीत बांधलेले बळद असे. चैत्र-वैशाखात नवा गहू आणि तुरीची डाळ घ्यायची, उन्हात वाळवायची, भिवापूरकडची लाल मिरची कांडून ठेवायची, हा विदर्भातील गृहव्यवस्थेचा क्रम विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मध्यमवर्गीय घरांतही टिकून होता. ज्याच्याजवळ कोठी भरण्याइतका पैसा नव्हता त्याला मात्र शेर-अच्छेराने घ्यावे लागे आणि तेच धान्य महाग पडे. साठवणीची जागा असणे हे तेव्हापासूनच सुस्थितीचे लक्षण होते, आणि बाजाराच्या वास्तूचा इतिहास घराच्या वास्तूपासून वेगळा काढता येत नाही तो या कारणाने.

आठवडी बाजारातून कायमची पेठ कशी घडते, याचे सर्वांत चांगले उदाहरण इतवारी आहे. येथे एकाच जिनसाचे व्यापारी एका रांगेत बसले आणि त्या रांगांना ओळी म्हटले गेले. किराणा ओळी, लोहा ओळी, सोना-चांदी ओळी, रेशीम ओळी ही नावे आजही पत्त्यांत वापरली जातात. एका जिनसाची दुकाने एकत्र असल्याने गिऱ्हाइकाला भाव ताडून पाहता येत, व्यापाऱ्याला शेजाऱ्याकडून उसना माल घेता येई, आणि हमालांच्या टोळ्यांनाही काम एका जागी मिळे. रस्त्याकडची रुंदी मौल्यवान असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ती थोडीच आली आणि दुकाने आत खोल वाढत गेली. पुढे ओटा, त्यामागे गादी, गादीमागे गोदाम, वर माळा आणि त्यावर कुटुंबाचे बिऱ्हाड, अशी ही मांडणी होती. गादी म्हणजे पांढरी चादर घातलेली बैठक, जिच्यावर शेठ, मुनीम, तिजोरी आणि खातेवह्या असत, आणि जिच्यावरून व्यापारी घराण्याची पतही मोजली जाई.

या दुकानातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग म्हणजे ओटा. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असलेल्या या दगडी चौथऱ्यामुळे पावसाळ्यातले पाणी आत येत नसे, बंडीतले पोते हमालाला फार न वाकता उतरवता येई, आणि गिऱ्हाइकाला चपला न काढता टेकता येई. वरच्या मजल्याचा पुढे आलेला सज्जा त्याला सावली देई, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही, ही सावली दुकानापुरती न राहता रस्त्याने जाणाऱ्या कोणाच्याही उपयोगाची होई. रात्री लाकडी फळ्या खाचेत एकेक सरकवून दुकान बंद केल्यावर ओटा बाहेरच राहत असे आणि त्यावर हमाल, वाटसरू किंवा गल्लीतला म्हातारा निजत असे. मालकीने खाजगी आणि वापराने सार्वजनिक अशी ही पट्टी कोणत्याही नियमाने बांधायला लावलेली नव्हती. माल आणि माणूस दोघांनाही थांबायला जागा लागते, या व्यवहाराच्या जाणिवेतून ती आली होती. जुन्या नागपूरच्या बाजारांतून जतन करण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर कोरीव खांबांच्याही आधी ओटा निवडावा लागेल.

ब्रिटिश सत्ता १८५४ मध्ये आली आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. १८६७ मध्ये मुंबईहून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येथपर्यंत पोचली आणि पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने शहर पूर्वेकडे कलकत्त्याच्या दिशेने जोडले. रेल्वेने मालाच्या थांबण्याचे ठिकाण बदलले. वऱ्हाड आणि वर्ध्याकडचा कापूस आता व्यापाऱ्याच्या घरामागच्या गोदामात मावणारा नव्हता, त्याला स्थानकाजवळ मोकळी, विस्तीर्ण जागा हवी होती, आणि स्थानकाच्या परिसरात कापूस बाजार व संत्रा बाजार वाढले ते या गरजेतून. कापूस बाजाराचे नाव त्या जागेला अजून चिकटून आहे, जरी तेथे आज भाजीपाला विकला जातो. रेल्वे येण्याच्या दोन वर्षे आधी, डिसेंबर १८६५ मध्ये, मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरवण्यात आले होते. विकत घेण्याचा संबंध नसताना वस्तू नुसती पाहायला लोकांनी एका जागी जमावे, ही कल्पना या शहराला तेव्हा नवी होती, आणि पुढे दुकानांच्या काचेमागे जे घडले त्याची ही सुरुवात म्हणता येते.

१ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी घोषित केले गेले त्याच दिवशी, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी भरून काढली. जमिनीत भर घालण्यावर पैसा ओतणारा हा माणूस सोने मातीत पुरतो आहे, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने भांडवल नाकारले होते आणि पुढे, टाटांनी मातीच घातली आणि सोने काढले, अशी कबुली दिली, ही हकिकत टाटांच्या चरित्रात येते. गिरणीच्या स्वस्त कापडाने कोष्टी विणकरांच्या घरातल्या खड्डामागांवर जो घाला घातला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की कापड आता ऋतूच्या आणि मागणीच्या आधी तयार होऊ लागले, आणि तयार झालेला माल खपवण्यासाठी इच्छा निर्माण करणे हा व्यापाराचा भाग झाला.

त्याच वर्षी, १८७७ मध्ये, भारतीय टपाल खात्याने मूल्यदेय टपालाची, म्हणजे बोलीभाषेतल्या व्ही.पी.ची पद्धत सुरू केली. वस्तू टपालाने घरी यायची आणि किंमत पोस्टमनच्या हातात द्यायची, ही ती पद्धत. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून पुण्या-मुंबईची पुस्तके, औषधे, घड्याळे मागवणाऱ्या मध्य प्रांतातील वाचकाला दुकान पाहण्याची गरज उरली नव्हती. फ्लिपकार्टने २०१० मध्ये घरपोच वस्तूचे पैसे दारात घेण्याची सोय केली तेव्हा ती क्रांती मानली गेली, पण तिचे मूळ तत्त्व एकशे तेहतीस वर्षे जुने होते. फरक होता तो प्रतीक्षेच्या लांबीचा. व्ही.पी.ची वाट आठवडाभर पाहावी लागे, आणि त्या आठवडाभरात पार्सल जिथे जिथे थांबे ती टपाल कचेरी, रेल्वेचा डाक डबा आणि पोस्टमनची पिशवी ही सर्व ठिकाणे सरकारी होती. या व्यापाराने शहरात स्वतःची एकही नवी इमारत उभारली नाही.

विसाव्या शतकात नागपूरच्या खरेदीचे केंद्र हळूहळू पश्चिमेला सरकले. किल्ल्याच्या पायथ्याची सीताबर्डी, लोकांच्या तोंडची बर्डी, ही इतवारी-महालची जुनी वस्ती आणि कचेऱ्यांची सिव्हिल लाइन्स यांच्यामध्ये पडत असल्याने कचेरीतून परतणाऱ्या नोकरदारांच्या वाटेवर होती. १९३६ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने पश्चिमेकडे आखीव वसाहती पाडल्या आणि त्या वसाहतींच्या खरेदीची पेठही बर्डीच झाली. येथील वास्तूचा बदल लोखंड आणि सिमेंटने घडवला. सागवानी तुळई दोन खांबांमध्ये काही फुटांपेक्षा अधिक अंतर पेलत नसल्यामुळे इतवारीच्या दुकानांचे तोंड खांबांनी तुटलेले असे. काँक्रीटच्या तुळईने ते तोंड एकसंध उघडले आणि त्यात काच बसवता आली. फळ्यांच्या जागी लोखंडी शटर आले, गादीच्या जागी काउंटर आले, ओटा जाऊन पायरी आली. माल, जो इतवारीत पोत्यांत आणि गठ्ठ्यांत झाकलेला असे, तो येथे दिव्याखाली मांडला गेला. बर्डीच्या मुख्य रस्त्याला लागून असलेल्या मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्यांत पुढे घड्याळे, विजेची उपकरणे आणि मोबाइल यांची दुकाने इतकी दाटली की गोदामासाठी जागाच उरली नाही. साठा इतवारीत किंवा गांधीबागेतल्या घाऊक बाजारात आणि विक्री बर्डीत, अशी वाटणी झाली. वस्तू दिसण्याची जागा आणि वस्तू थांबण्याची जागा नागपुरात प्रथम वेगळी झाली ती येथे, आणि पुढचे सर्व बदल या फाटाफुटीतूनच निघाले आहेत.

या ठिकाणी जगातील एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉंडर्स यांनी सप्टेंबर १९१६ मध्ये पिगली विगली नावाचे किराणा दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाला टोपली देऊन थेट फडताळांमध्ये सोडले. त्याआधी सर्वत्र, इतवारीतही, गिऱ्हाईक बाहेर उभे राहून मागे आणि दुकानदार आतून आणून देई. सॉंडर्स यांनी आणून देण्याचे काम गिऱ्हाइकाकडे सोपवले आणि गोदामालाच दालन केले. नागपुरात ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी, बिग बझारसारख्या साखळी दुकानांमुळे. मॉलचा दुसरा पूर्वज मिनिआपोलिसजवळचा साउथडेल होता. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने १९५६ मध्ये तो पूर्णपणे बंदिस्त बांधला, कारण तेथील हिवाळ्यात रस्त्यावर फिरून खरेदी करणे शक्य नव्हते. जे काम तिथे थंडीने केले ते नागपुरात उन्हाने केले. एप्रिल-मे महिन्यांत मॉलमध्ये येणाऱ्यांपैकी अनेक जण काही घ्यायला आलेले नसतात, ते गारव्याला आलेले असतात, आणि मॉलची मांडणी नेमकी अशाच माणसासाठी केलेली असते. मधला उंच मोकळा चौक, समोरासमोर न ठेवता लांब टोकांना ठेवलेले सरकते जिने, सर्वांत वरच्या मजल्यावर चित्रपटगृह व खाण्याची ठिकाणे, हे सारे रेंगाळण्यासाठी योजलेले असते, आणि रेंगाळता रेंगाळता खरेदी होईल असा त्यामागचा हिशेब असतो.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली आणि पुढच्या दशकभरात तिच्या जमिनीवर एम्प्रेस सिटी हा मॉल आणि निवासी संकुल उभे राहिले. ज्या जागेवर हजारो हातांनी कापड निर्माण होत होते त्या जागेवर दुसरीकडे शिवलेले कपडे विकले जाऊ लागले, ही घटना मुंबईच्या गिरणगावात झाली तशीच नागपुरात झाली, आणि तिच्यात शहराने काय गमावले याची पुरेशी चर्चा झाली नाही, हे खेदाने म्हणावे लागते. मॉलवरचा विश्वास मात्र अजून संपलेला नाही. खामला-जयताळा पट्ट्यातील महापालिकेची जमीन आधी लंडन स्ट्रीट आणि नंतर ऑरेंज सिटी स्ट्रीट या नावाने सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा व्यापारी रस्ता करण्यासाठी राखली गेली. दरम्यान खरेदीचा मोठा भाग रस्त्यावरून निघून पडद्यावर गेला होता.

पडद्यावरच्या खरेदीला मागे कुठेतरी जागा लागतेच, आणि ती नागपूरच्या सीमेवर आधीपासून तयार होत होती. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका जकात घेई, म्हणून अमरावती मार्गावर पालिकेच्या हद्दीबाहेर असलेल्या वाडी येथे वाहतूकदार आणि गोदामे एकवटली. माल तिथे उतरवायचा आणि खपेल तेवढाच नाक्यातून आत न्यायचा, असा तो हिशेब होता. नागपुरात २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, पण वाडीची गोदामे राहिली. कर कायद्याने वास्तूचे ठिकाण ठरवण्याचे याहून मोठे उदाहरण १ जुलै २०१७ नंतर घडले. त्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे, आणि तो चुकवण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे प्रत्येक राज्यात आपलेच गोदाम ठेवून माल तेथे हलवणे हा होता. वस्तू व सेवा कर लागू होताच राज्यागणिक गोदामाची गरज संपली आणि देशाच्या मध्याजवळ असलेल्या, उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम जाणारे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि ५३ जिथे मिळतात अशा नागपूरला नवे महत्त्व आले. मिहान हा बहुवाहतूक मालवाहतूक केंद्र आणि विमानतळाचा प्रकल्प याच भौगोलिक आधारावर आखलेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये हा महामार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला.

या नव्या वखारी कोणत्याही जुन्या गोदामाच्या मोठ्या आवृत्त्या नाहीत. इतवारीच्या गोदामाची उंची हमालाच्या पाठीने ठरवलेली होती. पोत्यावर पोते रचून केलेली थप्पी माणूस फळीवरून चढून जितकी उंच लावू शकेल तितकेच छत उपयोगाचे. आजची वखार कारखान्यात तयार झालेल्या पोलादी सांगाड्याची असते, तिचे छत दहा-बारा मीटर उंच असते, कारण फडताळे यंत्राने भरली जातात, आणि जमीन इतकी सपाट असावी लागते की उंच उचललेला माल घेऊन जाणारे यंत्र कलणार नाही. भिंतीला ओळीने दारे असतात आणि त्यांचा चौथरा सुमारे चार फूट उंच असतो, म्हणजे ट्रकच्या पाट्याइतका. बंडीसाठी घातलेला ओटा येथे ट्रकच्या मापाने वाढून आला आहे, मात्र त्यावर बसायला कोणी येत नाही. ही इमारत महामार्गावरून पाहिली असता पत्र्याची एक लांब, खिडक्या नसलेली भिंत दिसते आणि आत कोणता माल आहे याचा बाहेरून काहीच बोध होत नाही.

शेवटचा बदल शहराच्या आत झाला आहे आणि तो सर्वांत कमी दिसतो. ब्लिंकिट, इन्स्टामार्ट यांसारख्या कंपन्या काही मिनिटांत सामान पोचवण्याचा व्यवसाय करतात आणि त्यासाठी वस्तीपासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत साठा ठेवतात. अशा ठिकाणाला व्यवसायात डार्क स्टोअर म्हणतात. आतली मांडणी दुकानासारखी, पण गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही आणि विक्री फक्त मोबाइलवरून. नव्या वस्त्यांतल्या एखाद्या व्यापारी संकुलाच्या तळमजल्यावर साधारण दोन ते चार हजार चौरस फुटांची जागा घेतलेली असते. आत अरुंद बोळ सोडून लावलेली फडताळे, प्रत्येक खणाला क्रमांक, एका बाजूला शीतकपाटे, आणि दाराजवळ पिशव्या भरण्याचे टेबल असते. मागणी येताच उचलणारा कामगार मोबाइलवर दिसणाऱ्या क्रमांकांनुसार खणाखणांतून वस्तू काढतो. वस्तूंची मांडणी बहुधा आकर्षणाच्या तत्त्वावर नसते, हालचालीच्या तत्त्वावर असते. जे वारंवार मागितले जाते ते दाराजवळ. बर्डीने काचेवर केलेला सारा खर्च येथे निरुपयोगी ठरला आहे, कारण वस्तू पाहण्याची इच्छा पडद्याने आधीच भागवलेली असते. इतिहासाच्या दृष्टीने येथे एक वर्तुळ पुरे झाले आहे. सॉंडर्स यांनी गिऱ्हाइकाला गोदामात आणले होते, ते आता पुन्हा बाहेर गेले आहे आणि इतवारीच्या ओट्यावर जसे मागितले जाई तसे मागत आहे. फक्त ओटा गिऱ्हाइकाच्या घरात गेला आहे आणि देणारा अनोळखी झाला आहे.

घराच्या रचनेवर याचा परिणाम दिसू लागला आहे. चौरस फुटाच्या भावाने विकल्या जाणाऱ्या सदनिकेत कोठीची खोली आधी लहान झाली, मग स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कप्प्यांत मावू लागली. वर्षाची बेगमी महिन्याच्या यादीवर आली, यादी आठवड्यावर, आणि आता कोथिंबीर किंवा दुधाची पिशवी फोडणी बसल्यावर मागवली जाते. दारापाशी मात्र नव्या जागा निर्माण झाल्या आहेत: फाटकाजवळ पार्सल ठेवायचा खण, येणाऱ्याची नोंद करणारा पहारेकरी, आणि सामान वर नेणाऱ्यांसाठी काही संकुलांत वेगळी ठेवलेली लिफ्ट, जिच्याबद्दल कोणत्याही सुसंस्कृत शहराने संकोच वाटून घ्यायला हवा. पूर्वी घरात असलेली साठवण आता कंपनीच्या फडताळावर आहे आणि तिचे भाडे वस्तूच्या किमतीत व पोचवण्याच्या आकारात मिसळलेले आहे. ज्याला एकरकमी घेता येत नाही त्याला किरकोळीत महाग घ्यावे लागते, ही कणगीच्या काळची विषमता त्यामुळे मिटलेली नाही. आता सुस्थितीतला माणूसही किरकोळीत घेतो आणि त्याला ते परवडते, एवढाच फरक पडला आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न थांबणाऱ्या माणसाचा आहे. माल थांबत नाही, गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून थांबण्याचा सारा भार दुचाकीवरच्या पोचवणाऱ्यावर पडला आहे. दोन मागण्यांच्या मधला वेळ तो डार्क स्टोअरसमोर, दुचाकीच्या आसनावर किंवा पदपथाच्या कडेला काढतो, आणि पोचवण्याचे पैसे त्याला फेरीमागे मिळतात, थांबण्याचे मिळत नाहीत. कायद्याचे लक्ष या जागेकडे आणि या कामगाराकडे गेलेच नाही असे नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात गोदाम आणि वखार यांचाही दुकानाच्या व्याख्येत समावेश होता. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दुकाने वर्षभर, रात्रंदिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ऑनलाइन मंचावरून (प्लॅटफॉर्मवरून) काम करणाऱ्या कामगारांची व्याख्या प्रथमच केली. परंतु कामगाराची व्याख्या करणे वेगळे आणि त्याला उभे राहायला जागा देणे वेगळे. दुसरे काम इमारतीचे आहे. एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजींनी हवा खेळती ठेवण्याची, आर्द्रता राखण्याची आणि आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची व्यवस्था केली. तिच्यामागे सुताची गरजही होती हे खरे, पण त्या व्यवस्थेचा लाभ आतल्या माणसाला मिळत होता, आणि पुढे १९०१ मध्ये त्याच गिरणीने कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी सुरू केला. गिरणीची भिंत ही निदान जबाबदारीची सीमा होती. डार्क स्टोअरची भिंत फक्त मालाभोवती बांधलेली असते.

वाहन घेऊन थांबणाऱ्यासाठी जागा राखणे नागपूरला अपरिचित नाही. इतवारीतला टांगा स्टँड आणि जुना मोटार स्टँड हे चौक आजही त्याच नावांनी ओळखले जातात, म्हणजे टांगेवाला आणि मोटारवाला यांचे थांबणे या शहराने कधीकाळी रस्त्याच्या आखणीत धरलेले होते. बांधकामाला परवानगी देताना महापालिका इमारतीत राहणाऱ्यांच्या आणि ग्राहकांच्या वाहनांसाठी जागा मोजून घेते; त्याच परवानगीत, ज्या तळमजल्यावरून दिवसाला शेकडो फेऱ्या निघणार आहेत तेथे थांबणाऱ्या दुचाकींच्या संख्येनुसार छपराची पट्टी, बसायला कट्टा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मागता येईल. चाळीस-पन्नास माणसे आळीपाळीने वापरतील अशा या सोयीला तीन-चार मोटारी उभ्या राहतील एवढीच जागा पुरते, आणि ती बहुतेक संकुलांच्या समोरच्या मोकळ्या सोडलेल्या अंतरात आजही उपलब्ध आहे.